भट्टीतले पिस्तूल, कारखान्यातले काडतूस

चंडीगडमध्ये राहून पत्रकारिता करणाऱ्याला एक दृश्य पाठ होऊन जाते. टेबलावर अंथरलेले कापड, त्यावर ओळीने मांडलेली पिस्तुले, प्रत्येकापुढे काडतुसांची लहानशी रास आणि मागे तोंड झाकून उभे केलेले दोन-तीन तरुण. हे शहर पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आहे आणि स्वतः केंद्रशासित प्रदेशही आहे. साहजिकच तीन पोलीस दलांच्या पत्रकार परिषदा आमच्या वाट्याला येतात आणि हे दृश्य वारंवार पाहायला मिळते. टेबलाजवळ जाऊन निरखून पाहिले तर काही पिस्तुलांच्या अंगावर इटलीचे वा अमेरिकेचे नाव कोरलेले दिसते. क्वचित त्या नावातले एखादे अक्षरही चुकलेले असते. ते हत्यार इटलीत घडलेले नसते. सातपुड्याच्या कुशीतल्या एखाद्या खेड्यात, भट्टीशेजारी, कानशीने घासून ते तयार झालेले असते.

अशा वेळी आमचे प्रश्नही ठरलेले असतात. टोळी कोणती? सूत्रधार तुरुंगात आहे की परदेशात? लक्ष्य कोण होते? हत्यार आले कोठून, याचे उत्तर ‘मध्य प्रदेशातून’ अशा एका शब्दप्रयोगात मिळते आणि तेवढ्यावर सर्वांचे समाधान होते. मीही अनेक वर्षे याहून अधिक काही विचारले नाही. त्या काडतुसांच्या बुडाशी कोणती अक्षरे कोरलेली आहेत, हे वाकून पाहण्याचे मला फार उशिरा सुचले. त्या अक्षरांकडे पुढे येईनच. आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

घरच्या घरी अग्निशस्त्र बनवण्याबाबत भारताचा कायदा मुळीच संदिग्ध नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्यावाचून कोणालाही अग्निशस्त्र किंवा दारूगोळा तयार करता येत नाही, त्यात फेरफार करता येत नाही, त्याची दुरुस्ती वा विक्री करता येत नाही. ‘स्वतःपुरते’, ‘छंद म्हणून’, ‘शेतात रानडुकरे येतात म्हणून’ अशा सबबींना तेथे जागा नाही. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश केलेला आहे. त्यामुळे नळी एका घरी, चाप दुसऱ्या घरी आणि मूठ तिसऱ्या घरी अशी वाटणी करूनही कोणाची सुटका होत नाही. कलम ६ बंदुकीची नळी आखूड करण्यास आणि नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास मनाई करते. कलम ७ याहून वरची पायरी गाठते. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात अशी स्वयंचलित हत्यारे, विषारी द्रव किंवा वायू सोडणारी साधने, तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रे ही सारी ‘निषिद्ध शस्त्रे’ होत. केंद्र सरकारने खास अधिकार दिल्याशिवाय ती बनवणे तर दूरच, जवळ बाळगणे हाही गंभीर गुन्हा आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने या कायद्यातील शिक्षा कमालीच्या वाढवल्या. विनापरवाना शस्त्रनिर्मितीसाठी पूर्वी किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास होता. आता सात वर्षे ही कमाल मर्यादा राहिली नसून ती किमान मर्यादा झाली आहे आणि कमाल शिक्षा जन्मठेप आहे. बनवलेले शस्त्र निषिद्ध प्रकारातले असेल तर किमान दहा वर्षे. एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गातील शस्त्रात रूपांतर करणे, उदाहरणार्थ अर्धस्वयंचलित हत्यार पूर्ण स्वयंचलित करणे, हेही दंडनीय ठरवण्यात आले. साधे अग्निशस्त्र परवान्याविना केवळ बाळगले तरी दोन ते पाच वर्षे तुरुंगात जावे लागते. कागदावर याहून कडक काय करता येईल, हे मला तरी सुचत नाही.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत अशा वाचकांना तेथील परिस्थिती ऐकून माहीत असेल. तेथे शस्त्र बाळगण्यास कायद्याने अपात्र नसलेला सामान्य नागरिक स्वतःच्या वापरासाठी साधी बंदूक घरी बनवू शकतो. केंद्रीय कायद्यानुसार त्याला परवाना लागत नाही. आखूड नळीची बंदूक किंवा आवाज दाबणारे नळकांडे यांसारख्या नियंत्रित वस्तू बनवायच्या असतील तर मात्र १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्यानुसार आधी अर्ज, बोटांचे ठसे आणि सरकारी मंजुरी आवश्यक असते. त्यासाठीचा २०० डॉलरचा कर १९३४ पासून तसाच राहिला होता. २०२५ च्या कायद्याने तोही १ जानेवारी २०२६ पासून बहुतेक वस्तूंसाठी शून्यावर आणला. सामान्य नागरिकाला नवी मशीनगन बनवण्याची मनाई मात्र १९८६ पासून कायम आहे. सुटे भाग घरपोच मागवून जोडलेल्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यांच्या संचांवरही क्रमांक घालण्याचा आणि खरेदीदाराची पडताळणी करण्याचा नियम आला आणि मार्च २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. जेथे शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क आहे तेथील हा सारा खटाटोप आहे. तो मला अनुकरणीय वाटत नाही. पण त्यातला एक धागा मला महत्त्वाचा वाटतो : वस्तूवर क्रमांक हवा, म्हणजे ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली याचा माग काढता येतो.

आपण वेगळा मार्ग निवडला आणि तो विचारपूर्वक निवडला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळीक दिली, याचा सल राष्ट्रीय चळवळीच्या मनात खोलवर होता. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसमधील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी हाच हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. जो तो बाजारात जाऊन हवे ते आक्रमणाचे साधन विनाअडथळा विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली आणि अनुच्छेद १९ मध्ये नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचे स्वातंत्र्य मिळाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका जामीन प्रकरणात बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने याच फरकाकडे बोट दाखवले : अमेरिकेसारखा शस्त्राचा हक्क आपल्या घटनेने कोणाला दिलेला नाही.

तत्त्वाच्या पातळीवर मला कायद्याशी भांडायचे नाही. माझी अडचण त्या टेबलाशी आहे. कायदा इतका कडक असूनही ते टेबल रिकामे पडलेले मी पाहिलेले नाही.

टेबलावरची पिस्तुले कोठून येतात हे पंजाबातील प्रत्येक तपास अधिकाऱ्याला ठाऊक आहे. मध्य प्रदेशातील खरगोन, बडवानी, धार आणि बऱ्हाणपूर या जिल्ह्यांची नावे त्यांना गुरदासपूर किंवा मोगा यांच्याइतकीच परिचयाची झाली आहेत. महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रदेश आणखी जवळचा. बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे गाव नदीपलीकडे आहे आणि अलीकडे जळगावच्या चोपडा तालुक्यात त्याच नावाचे दुसरे गाव आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये शस्त्रविक्रेत्याच्या मागावर तेथे गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला काही काळ पळवून नेण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे शहर पोलिसांनी मध्य प्रदेश पोलिसांच्या मदतीने त्याच गावात मोठा छापा घालून भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. एकाच डोंगररांगेतून एक वाट उत्तरेला पंजाबकडे जाते आणि दुसरी दक्षिणेला पुण्याकडे. मे २०२२ मध्ये मानसा जिल्ह्यात गायक सिद्धू मूसेवाला यांची हत्या झाली तेव्हाही तपासाचे धागे पुणे जिल्ह्यापर्यंत आले होते, हे अनेकांना आठवत असेल.

या भट्ट्यांच्या संदर्भात शिकलगार समाजाचे नाव घेतले जाते आणि ते ज्या सहजतेने घेतले जाते ती मला खटकते. महाराष्ट्रात शिकलगार म्हणजे दारावर येऊन सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारा कारागीर. शब्दाचे मूळ हत्यारांना झिलई देण्याच्या कामात आहे. या समाजाचा मोठा भाग शीख आहे. गुरूंच्या सैन्याची शस्त्रे घडवणारे आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. गुरू गोविंदसिंगांचे अखेरचे दिवस नांदेडला गेले, १७०८ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यामुळे पंजाब आणि गोदावरी यांच्यामध्ये या लोकांची ये-जा नवी नाही. १८७८ च्या कायद्याने त्यांचा पिढीजात व्यवसाय एका फटक्यात गुन्ह्यात जमा झाला. पंजाबात हा समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. त्यातील बहुसंख्य माणसे कुलुपे, बादल्या, शेतीची अवजारे यांवर पोट भरतात. मोजकी खेडी मात्र पिस्तुलांवर जगतात. तेथील कारागिराच्या हाती पडणारी रक्कम आणि ते पिस्तूल पंजाबात विकले जाते ती रक्कम यांत मोठी तफावत असते. मधला नफा दलालाचा.

अटक कोणाला होते? पिस्तूल घेऊन जाणाऱ्या पोराला आणि छाप्यात सापडलेल्या कारागिराला. दलालाच्या खिशात पिस्तूल क्वचितच असते.

२०१९ च्या दुरुस्तीवेळी संसदेत जी चर्चा झाली ती मी तेव्हा लक्षपूर्वक ऐकली होती. परवानाधारकाने तीनऐवजी एकच शस्त्र ठेवावे, अशी मूळ विधेयकातील तरतूद होती. तिच्यावर खासदार तुटून पडले. वडिलोपार्जित बंदुका, शेतावरची घरे, नेमबाजी, सरहद्दीवरची असुरक्षितता असे अनेक मुद्दे आले आणि अखेर आकडा दोनवर स्थिरावला. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. विवाहात हवेत गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी नवी तरतूद आली आणि ती यायलाच हवी होती. २०१६ मध्ये बठिंडा जिल्ह्यात एका लग्नात नाचणारी तरुणी अशाच गोळीने ठार झाली होती. परंतु घरी शस्त्र बनवण्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत नेताना ही शिक्षा प्रत्यक्षात कोणाला होणार, किती खटले सिद्ध होतात, का होत नाहीत, याचा हिशेब फारसा कोणी मागितला नाही. वैध बंदुकीच्या मालकाला मतदारसंघ असतो.

शिक्षा वाढवल्याने काय होते याचा एक धडा पंजाबनेच देशाला दिला आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २७(३) मध्ये निषिद्ध शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास फाशीच, दुसरी शिक्षा नाही, अशी सक्ती होती. ‘पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग’ हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले ते चंडीगडच्या उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष ठरवल्यानंतर, राज्य सरकारच्या अपिलावर. १ फेब्रुवारी २०१२ रोजी न्या. अशोक कुमार गांगुली आणि न्या. जगदीशसिंग खेहर यांच्या खंडपीठाने निर्दोषत्व तर कायम केलेच, पण न्यायाधीशाच्या विवेकाला जागाच न ठेवणारे ते कलमही घटनाबाह्य ठरवले. कायदेमंडळाने कमालीची कठोर तरतूद केली, आणि तिच्यातून निष्पन्न झाले ते एक रद्दबातल कलम. सात वर्षांच्या किमान शिक्षेबाबत असे होईल असे मी म्हणत नाही. एवढेच सुचवतो की किमान शिक्षा जितकी जड, तितका न्यायाधीश पुराव्याची चाळणी बारीक करतो. ते योग्यही आहे. मग खटल्यात जप्तीचा स्वतंत्र साक्षीदार नसतो, मुद्देमालावरचे सील आणि प्रयोगशाळेत पोहोचलेले सील जुळत नाही, बाळगण्याच्या गुन्ह्यासाठी कलम ३९ नुसार लागणारी जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी यांत्रिकपणे दिलेली असते, आणि आरोपी सुटतो. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या दालनांत बसून हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता निकालाच्या वाचनाआधीच त्याचा अंदाज येतो.

आता ती काडतुसाच्या बुडाची अक्षरे.

‘८ एमएम केएफ’. ‘केएफ ७.६५’. उत्तर भारतातील गावठी कट्ट्यांच्या खटल्यांचे पंचनामे वाचले तर ही अक्षरे पुन्हा पुन्हा भेटतात. ‘केएफ’ म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. नागरी वापरासाठीची १२ बोअर, .३१५ आणि .३२ ची काडतुसे तेथे तयार होतात. .३१५ हे माप रुळले त्यामागेही कायद्याचाच इतिहास आहे. .३०३ हे लष्करी माप सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून शिकार आणि पीकसंरक्षणासाठी सरकारी कारखान्यांनी .३१५ ची रायफल आणि तिची काडतुसे पुरवली. गावठी कट्टा बनवणाऱ्याने तेच माप उचलले, कारण त्याची काडतुसे बाजारात होती. सातपुड्यातला कारागीर पिस्तूल घडवतो, परंतु भरवशाचे काडतूस घडवणे हे भट्टीचे काम नाही. त्यासाठी कारखानाच लागतो. टेबलावरचे पिस्तूल नकली नावाचे असते आणि त्याच्यापुढची काडतुसे पुष्कळदा अस्सल सरकारी असतात.

अस्सल काडतुसाचा प्रवास कागदोपत्री पूर्ण बंदिस्त आहे. कारखाना परवानाधारक विक्रेत्याला विकतो, विक्रेता परवानाधारक ग्राहकाला, आणि विक्रीची नोंद विक्रेत्याच्या वहीत व ग्राहकाच्या परवान्यावर होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय माहितीसंचातील विशिष्ट ओळख क्रमांक अनिवार्य केला. माणसाला क्रमांक आहे, त्याच्या बंदुकीला क्रमांक आहे. काडतुसाच्या बुडावर मात्र कारखान्याची खूण आणि माप एवढेच असते. ते कोणत्या विक्रेत्याला गेले हे त्यावरून कळत नाही. ही फट नेमकी तेथे आहे. कोणाच्या तरी परवान्यावर न झालेली विक्री दाखवायची, लग्नात वा सरावात ‘उडवली’ म्हणून नोंदवलेली काडतुसे दलालाला द्यायची, बनावट परवान्यावर माल उचलायचा, असे मार्ग तपासांतून वेळोवेळी उघड झाले आहेत. काडतुसांवरचे शिक्केही नकली असू शकतात, वापरलेली पुंगळी पुन्हा भरलेली असू शकते, हे मला मान्य आहे. पण ते ठरवायला प्रयोगशाळा आहेत, आणि त्यांना तसे विचारावे लागते. बहुतेक खटल्यांत शस्त्रागारातील आर्मोररचा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल हे हत्यार चालू स्थितीत आहे की नाही आणि काडतूस जिवंत आहे की नाही, एवढ्यावर संपतो. आरोपपत्राला तेवढे पुरते.

ब्राझीलने २००३ च्या निःशस्त्रीकरण कायद्यात सुरक्षा दलांना विकल्या जाणाऱ्या काडतुसांच्या बुडावर तुकडी क्रमांक कोरणे बंधनकारक केले. २०१८ मध्ये रिओ शहराच्या नगरसेविका मारिएल फ्रांको यांची हत्या झाली, तेव्हा घटनास्थळी सापडलेल्या पुंगळ्यांवरून ती काडतुसे २००६ मध्ये केंद्रीय पोलीस दलाला विकलेल्या तुकडीतील असल्याचे निष्पन्न झाले. त्या एका अक्षरमालेने सरकारी दारूगोळ्याच्या गळतीचा प्रश्न थेट सरकारच्या दारात नेऊन ठेवला. खडकीचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. नागरी काडतुसांवर विक्रेत्याच्या तुकडीचा क्रमांक कोरण्याचा निर्णय करायचा झाला तर तो दिल्ली आणि पुणे यांच्यामध्ये होऊ शकतो. शेकडो भट्ट्या शोधण्यापेक्षा हे काम सोपे आहे.

येथे कोणी म्हणेल, पंजाबचा खरा प्रश्न आता गावठी पिस्तुलांचा राहिलेलाच नाही; सीमेपलीकडून ड्रोनने परदेशी बनावटीची पिस्तुले येतात. आक्षेप खरा आहे. अमृतसर आणि तरनतारनच्या शेतांत ही पाकिटे पडतात आणि सीमा सुरक्षा दल ती गोळा करते. पण ड्रोनने आलेले महागडे पिस्तूल टोळीच्या वरच्या थरात राहते. खंडणीच्या दुकानावर गोळ्या झाडायला पाठवलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती सातपुड्याचाच माल दिला जातो, कारण तो पकडला गेला तरी नुकसान थोडे. त्या मुलाच्या दृष्टीने मात्र शिक्षा तीच असते.

दुसरा आक्षेप भविष्याचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. २०१३ मध्ये अमेरिकेत त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर बनवलेल्या पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. जुलै २०२२ मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली ती घरी बनवलेल्या हत्याराने, जगातील सर्वांत कडक शस्त्रकायदे असलेल्या देशात. जपानने २०२४ मध्ये कायदा बदलून बेकायदा शस्त्र बाळगण्यास इंटरनेटवरून चिथावणी देणे हाही गुन्हा ठरवला. आपल्या कायद्यातील यंत्रसामग्री आणि सुटे भाग हे शब्द पुरेसे व्यापक आहेत. छपाईयंत्रातून निघालेली नळी त्यांत निश्चित बसते. संगणकातील आराखडा ही ‘वस्तू’ आहे काय, यावर मात्र एक दिवस चंडीगडच्याच एखाद्या न्यायालयात युक्तिवाद रंगेल. त्याची वाट न पाहता संसदेने व्याख्या स्पष्ट करावी. तथापि आराखडा कितीही अद्ययावत असो, त्या पिस्तुलालाही काडतूस लागतेच.

कारागिराचे काय, हा प्रश्न उरतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने खासगी शस्त्रनिर्मितीचे नियम सैल केले. प्रत्येक अग्निशस्त्रामागे ५०० रुपये असलेले परवाना शुल्क काढून एकरकमी ५,००० ते ५०,००० रुपये केले, परवाना कंपनीच्या हयातभरासाठी दिला. उद्योगाला हे सोयीचे झाले. कारागिरासाठी त्यात काही नाही. बिहारमधील मुंगेरचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मीर कासिमच्या शस्त्रशाळेपासून तेथे ही कला आहे, आणि विसाव्या शतकात एका आवारात तीसहून अधिक परवानाधारक कारखाने हाताने दुनळी बंदुका बनवत. त्यांची मागणी आटली, कुशल हात रिकामे झाले आणि त्यांतले काही बेकायदा पिस्तुलांकडे वळले. उमर्टीतील भट्ट्यांना परवाने द्यावेत असे मी चुकूनही सुचवणार नाही. पण नव्या परवानाधारक कारखान्यांना, अवजार-उद्योगाला आणि रेल्वेच्या कार्यशाळांना फिटर हवे आहेत, आणि हातात उपजत कौशल्य असलेली माणसे छाप्यांच्या यादीत आहेत. भट्टी पाडल्यावर तिसऱ्या दिवशी त्या घरात काय शिजणार, हे ठरवल्याशिवाय केलेला छापा पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांच्या खंडपीठाने प्रत्येक राज्यात आणि केंद्रशासित प्रदेशात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा आदेश दिला. गृह व विधी सचिव, पोलीस महासंचालक यांच्यासह शस्त्रविज्ञानाचा एक तज्ज्ञही तीत असावा, असे त्यात सांगितले आहे. बेकायदा शस्त्रनिर्मितीच्या कार्यशाळा आणि शस्त्रांची वाहतूक रोखण्याचा कृती आराखडा हे या समित्यांचे काम आहे. या आदेशातला तज्ज्ञ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि समितीत सर्वांत कमी बोलणाराही बहुधा तोच असेल. चंडीगडला अशा माणसांची वाण नाही. संरक्षण संशोधन संस्थेची अंत्य प्रक्षेपिकी प्रयोगशाळा सेक्टर ३० मध्ये आहे, केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा सेक्टर ३६ मध्ये. पंजाब, हरियाणा आणि चंडीगड अशा तीन समित्यांना एकाच शहरात बसून एक सामाईक नोंदवही सुरू करता येईल : जप्त झालेल्या प्रत्येक हत्याराची नळी, त्यावरील खुणा, सोबतच्या काडतुसांची अक्षरे, आणि त्या काडतुसांचा माग कोणत्या विक्रेत्यापर्यंत पोहोचला. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या समित्यांना ती वाचता आली तर उमर्टीतील एकाच हाताने घडवलेली पिस्तुले मोगा आणि पुणे या दोन्ही ठिकाणी सापडली, हे कोणीतरी प्रथमच कागदावर मांडेल.

गेल्या पत्रकार परिषदेत मी विचारले होते, यातील किती काडतुसांचा विक्रेता शोधला? अधिकारी सज्जन होते, त्यांनी प्रश्न टाळला नाही. क्षणभर त्यांनी टेबलाकडे पाहिले आणि म्हणाले, तपास पिस्तुलाचा आहे.